घड्याळ कुणाच्या बापाचं?

चाळीस मिनिटं आणि अडीचशे शब्द. एवढ्यात दाखवून द्यायचं की आपण शिकायच्या लायकीचे आहोत.

दोस्तहो, परदेशातल्या विद्यापीठात शिकायला जायचं तर आधी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, आणि त्या परीक्षेत घड्याळ लावून निबंध लिहावा लागतो. अशा परीक्षा दोन-तीन आहेत. मी दिली तिचं नाव इथं घेत नाही. भांडण एकीशी नाही, सगळ्या एकाच जात्यात दळतात. फी माझ्या महिन्याच्या पगारापेक्षा जास्त. तीही आगाऊ. शिष्यवृत्ती भेटेल न भेटेल, फी आधी मोजायची. दोघांकडून उसने घेऊन मी ती भरली आणि परभणीहून रात्रीच्या गाडीनं, जनरलच्या डब्यात उभ्या उभ्या पुण्याला आलो.

सेंटर चकचकीत. एसी एवढा की दात वाजायला लागले. बोटांचे ठसे घेतले, फोटो काढला, खिसे उलटे करायला लावले. माझ्याच वयाची एक पोरगी तोंडभर हसून म्हणाली, सर, हातातलं घड्याळ बाहेर ठेवा, आत चालत नाही. म्हंजे बघा. आपलं घड्याळ बाहेर, त्यांचं घड्याळ आत. स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात ते पळत असतं. टिकटिक नाही, काही नाही. नुसते आकडे कमी होत जातात.

विषय आला : फावला वेळ माणसानं एकट्यानं घालवावा की घरच्यांसोबत? दोन्ही बाजू मांडा, आपलं मत द्या.

मला हसू आलं. मग आई आठवली आणि तिथंच घात झाला. आईला फावला वेळ कधी भेटला, याचा हिशोब मी मनात मांडायला लागलो. निंदणी, खुरपणी, कापसाची वेचणी, मजुरी नसली त्या दिवशी सरपण आणि पाणी. झडीच्या पावसात काम बंद असायचं तेव्हा गोधडी शिवायची. भेटला असेल तो बाळंतपणात. तोही सव्वा महिना नाही, माझ्या वेळेला बाराव्या दिवशी ती रानात होती. आपली भाषाच बघा ना, ‘फावला’ वेळ. कामातून कसाबसा सुटून हाती लागलेला. हे सगळं मला लिहायचं होतं. डोक्यात मराठी, बोटाखाली इंग्रजी, आणि बोटंही दोनच, कारण टायपिंग मी मोबाईलवर अंगठ्यानं शिकलेलो. वर बघितलं तर अकरा मिनिटं गेलेली. उरलेल्या वेळात एकशेनव्वद शब्द झाले. शेवटचं वाक्य अर्धवट. पडदा आपोआप बंद झाला.

अर्ध्या गुणानं गेलो. कुठं चुकलो, कुणी तपासलं, काय आवडलं नाही, यातलं काही कळत नाही. उत्तरपत्रिका परत देत नाहीत. फेरतपासणी हवी तर पुन्हा पैसे भरा. आपल्या गावच्या झेडपीच्या शाळेतला मास्तर निदान लाल पेनानं रेघ तरी मारायचा.

हे रडगाणं नाही. रडायचं असतं तर आईजवळ रडलो असतो, या पानांवर नाही. माझा मुद्दा वेगळा आहे आणि तो मला भांडून मांडायचा आहे.

आमच्या ऑफिसात एक सदाशिवपेठी मित्र आहे. माणूस वाईट नाही, डब्यातलं खायला देतो, खातोही. त्यानं हीच परीक्षा दिली, पहिल्या दणक्यात निघाला. मी नापास झाल्याचं कळल्यावर मला समजावत म्हणाला, “अरे, पण यात अन्याय काय? विषय सगळ्यांना सारखा, घड्याळ सगळ्यांना सारखं.”

घड्याळ सगळ्यांना सारखं! हे वाक्य ऐकायला किती गोड लागतं. पेशवाईतही सूर्य सगळ्यांना सारखाच होता. पण सकाळी आणि संध्याकाळी सावल्या लांब पडतात म्हणून कुणाला पुण्याच्या वेशीच्या आत येऊ देत नव्हते, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. एकाच उन्हाचं एकाला कोवळं ऊन होतं, दुसऱ्याची सावली विटाळ होते.

त्या मित्राच्या घरी मी जेवायला गेलोय. जेवताना बाप विचारतो, धरणांबद्दल तुझं काय मत? पोरगं सांगतं. बहीण खोडून काढते. आई म्हणते, दुसरी बाजूही बघा. वीस वर्षं त्या घरात ताटात भाजीबरोबर मतं वाढली जातात. आमच्या घरात भाकरी वाढली तरी खूप, आणि मत मागायला कुणी आलंच तर पाच वर्षांतून एकदा, तेही गाडी घेऊन. आता त्या पोराला स्क्रीनवर विषय दिसतो तेव्हा तो विचार करतो असं वाटतं का तुम्हाला? चाळीस मिनिटांत विचार होतच नाही. आधी होऊन पडलेला विचार उतरवून काढायला चाळीस मिनिटं लागतात. ज्याच्या घरात तो आधीच होऊन पडलाय त्याचा निबंध होतो. ज्याला तिथं बसून पहिल्यांदा विचार करायचाय त्याचं वाक्य अर्धवट राहतं.

हे नुसतं माझं डोकं नाही. अमेरिकेत एम.ए., पीएच.डी.ला जाणारी पोरं जीआरई नावाची परीक्षा देतात. तिच्यात २००२ पासून घड्याळ लावून निबंध आहे. आधी दोन होते, २०२३ च्या सप्टेंबरात एक केला, वेळ ३० मिनिटं. आता मजा ऐका. या निबंधाच्या विषयांची लांबलचक यादी परीक्षा घेणारी संस्था स्वतःच आधी जाहीर करते. ज्याला सहा महिने रिकामे आहेत, क्लासला पैसे आहेत, तो प्रत्येक विषयावर मुद्दे काढून, वाक्यं घोटून बसतो. म्हणजे ती ३० मिनिटं हा खरा वेळ नव्हेच. खरा वेळ आधीचा. सहा महिन्यांचा, आणि त्याच्याही आधीचा, वीस वर्षांचा, आणि त्याच्याही आधीचा, पिढ्यान् पिढ्यांचा. घड्याळ फक्त शेवटची ३० मिनिटं मोजतं आणि म्हणतं, सगळ्यांना सारखं.

ही प्रवेश-चाचण्यांची भानगड कुठून आली तेही जरा बघू. आपल्याकडे बामणानं केलं आणि गोऱ्यानं सुधारलं, असं समजणारे मित्र आहेत आपल्यात. त्यांनी हे नीट वाचावं.

अमेरिकेत कॉलेजच्या प्रवेशाला सॅट नावाची परीक्षा असते. ती १९२६ च्या जूनमध्ये पहिल्यांदा झाली, ८००० च्या आसपास पोरं बसली. ती तयार करण्यात पुढं होता कार्ल ब्रिगहॅम, प्रिन्स्टनचा मानसशास्त्रज्ञ. या गृहस्थानं तीनच वर्षं आधी, १९२३ साली, एक पुस्तक लिहिलं होतं. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या घाईघाईत घेतलेल्या चाचण्या समोर ठेवून त्यानं ठरवलं की उत्तर युरोपातले गोरे हुशार, दक्षिण आणि पूर्व युरोपातले कमी, आणि काळे सगळ्यांत खाली. चातुर्वर्ण्यच की! फक्त पुरुषसूक्ताच्या जागी आकडेमोड. पुढं १९३० साली त्यानं स्वतःच कबूल केलं की त्या निष्कर्षांना पाया नव्हता. माणसानं माघार घेतली. परीक्षा राहिली.

आणि कोलंबिया. आपल्या काळजातलं नाव. त्या विद्यापीठाच्या कॉलेजात १९१९ साली प्रवेशासाठी बुद्धिमापनाची चाचणी लावली गेली, आणि तिच्यामागचा एक हेतू ज्यू पोरांची संख्या कमी करण्याचा होता. बाबासाहेब तिथं १९१३ मध्ये बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन पोचले होते. ती चाचणी खालच्या वर्गांच्या प्रवेशाची, बाबासाहेब वरच्या शिक्षणाला गेलेले, म्हणून उगाच ओढूनताणून संबंध जोडत नाही. पण आवार तेच. बाबासाहेब शिकून बाहेर पडल्यावर तीन वर्षांत त्याच आवारात कुणाला गाळायचं यासाठी कागद छापले जात होते. हे आपल्या पोरांना कुणी सांगत नाही. जयंतीच्या भाषणात कोलंबियाचं नाव आलं की टाळ्या वाजवायच्या आणि बसायचं.

आता त्या सॅटमध्ये निबंध आला तो २००५ साली. पंचवीस मिनिटं. दोन तपासनीस, प्रत्येकी एक ते सहा गुण. एमआयटीमध्ये लेखन शिकवणारे लेस पेरेलमन नावाचे एक मास्तर होते. त्यांनी नमुन्याचे निबंध आणि त्यांचे गुण समोर ठेवले आणि बघितलं, तर जेवढा निबंध लांब तेवढे गुण जास्त. न वाचता, लांबूनच आकार बघून गुण सांगता यावेत एवढा सरळ हिशोब. शिवाय माहिती चुकीची असली, साल चुकलं, लढाई चुकली, तरी त्याचे गुण कापायचे नाहीत असं तपासणाऱ्यांना सांगितलेलं. म्हणजे खोटं लिहा, पण भरभर लिहा. अमेरिकेतली पोरं वैतागली, शिक्षक वैतागले. २०१६ मध्ये तो निबंध ऐच्छिक केला, वेळ पन्नास मिनिटांवर नेला. २०२१ मध्ये सर्वसाधारण परीक्षेतून तो काढूनच टाकला. सोळा वर्षं लाखो पोरांच्या मानेवर घड्याळ ठेवलं, मग एक दिवस म्हणाले, राहू दे, गरज नाही.

मधल्या काळात श्रीमंतांनी काय केलं तेही ऐका. २०१९ साली अमेरिकेत प्रवेशाचा मोठा घोटाळा उघड झाला. त्यात बड्या घरच्या आईबापांना शिकवलं जात होतं, की पोराला शिकण्यात अडचण आहे असं प्रमाणपत्र आणा, म्हणजे परीक्षेत जादा वेळ मिळतो, वेगळी खोली मिळते, आणि तिथं आपला माणूस बसवून उत्तरं दुरुस्त करता येतात. ज्या पोरांना खरोखर अडचण असते त्यांच्या हक्काचा वेळ या लोकांनी बाजारातून उचलला. घड्याळ सगळ्यांना सारखं म्हणणाऱ्या माझ्या मित्रा, ऐकतोयस ना? वेळ विकत मिळतो. भाव माहीत पाहिजे.

बरं, तपासतो कोण? जीआरईचा निबंध एक माणूस वाचतो आणि एक यंत्र वाचतं. यंत्राला अर्थ कळत नाही. ते शब्द मोजतं, वाक्यांची रचना बघतं, अवघड शब्द किती आले ते बघतं. याच पेरेलमन मास्तरांनी २०१४ साली विद्यार्थ्यांना हाताशी धरून एक उलटं यंत्र बनवलं. त्यात दोन-तीन शब्द टाकले की ते निव्वळ बडबडीचा निबंध तयार करून देई. भारदस्त, व्याकरणशुद्ध आणि अर्थशून्य. अशा बडबडीला तपासणाऱ्या यंत्रांनी घसघशीत गुण दिले. आपल्याकडच्या विद्वानांची आठवण आली ना? मलाही आली.

याहून गंभीर गोष्ट पुढं आहे. जीआरई चालवणारी जी ईटीएस संस्था, तिच्याच संशोधकांनी २०१२ साली छापलं की काळ्या विद्यार्थ्यांच्या निबंधांना यंत्र माणसापेक्षा कमी गुण देतं, आणि चीनमधल्या विद्यार्थ्यांच्या निबंधांना जास्त. घोकून आलेली लांब वाक्यं यंत्राला गोड लागत असावीत, असा त्यावर एक अंदाज. १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी ब्लॅक पँथरचं नाव घेऊन दलित पँथर काढली तेव्हा हेच ओळखलं होतं, की समुद्रापलीकडं कुणीतरी आपल्याच रांगेत उभा आहे. ती रांग अजून मोडलेली नाही. आता रांगेच्या तोंडाशी माणसाऐवजी मशीन बसलंय एवढंच.

आणि निबंध म्हणजे काय हे आम्हाला कुणी शिकवायला येऊ नये. निबंध आमच्याकडे १८५५ सालापासून आहे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मुक्ताबाई, मांगाची पोर, वय चौदा, शाळेत येऊन उणीपुरी तीन वर्षं झालेली. तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’नं दोन अंकांत छापला. वेद जर तुमचेच, तर आमचा धर्म कोणता ते सांगा, अशा अर्थाचा रोकडा सवाल तिनं भटांना केला. त्या पोरीला जर कुणी म्हटलं असतं, चाळीस मिनिटं आहेत, दोन्ही बाजू मांड, तर? दुसरी बाजू काय मांडली असती तिनं? एकीकडे आम्हाला वाड्यांच्या पायात गाडतात, तर दुसरीकडे वाडे मजबूत होतात?

हे ‘दोन्ही बाजू’ प्रकरण मला फार डाचतं. मी पुण्यात एका क्लासला महिनाभर गेलो होतो. तिथले सर एकच साचा शिकवायचे. पहिला परिच्छेद, हा विषय वादाचा आहे. दुसरा, एकीकडे असं. तिसरा, दुसरीकडे तसं. चौथा, माझ्या मते समतोल साधला पाहिजे. मी म्हटलं, सर, विषयाला दोन बाजू नसल्या तर? ते म्हणाले, प्रत्येक विषयाला असतात, आणि नसल्या तर तयार करायच्या, गुण त्याचेच आहेत. साचा वाईट असेलच असं नाही, शिस्त म्हणून त्याचा उपयोगही होतो. पण तो साचा कुणाच्या मापानं शिवलाय? ज्याला दोन्हीकडून मार पडत नाही त्याच्या. समतोल साधायला तराजू आपल्या हातात लागतो. आपण तर पारड्यात.

बाबासाहेबांचंच बघा. ‘रुपयाचा प्रश्न’ हा प्रबंध त्यांनी १९२२ मध्ये लंडनला सादर केला. परीक्षकांनी तो पुन्हा लिहायला सांगितला. बाबासाहेब मुंबईला परतले, पैसे संपत आलेले, वकिलीची सुरुवात व्हायची होती, आणि त्या अवस्थेत त्यांनी प्रबंध परत लिहून पाठवला. १९२३ मध्ये डी.एस्सी. झाली. त्यांच्यासारख्या माणसालाही लिहिलेलं पुन्हा लिहावं लागतं. लिहिणं म्हणजे पुन्हा लिहिणंच असतं. रात्री लिहिलेलं सकाळी वाचलं की लाज वाटते, ते फाडायचं आणि परत बसायचं. तो फाडायचा वेळ या परीक्षेत कुठं आहे? पिढ्यान् पिढ्या लेखणीला हात लावू दिला नाही. आता लेखणी दिली, तर सोबत घड्याळ दिलं.

इथं आपल्यातले काही साथी म्हणतील, आणि म्हणतातही, मग निबंधच काढा. टिक मारायचे प्रश्न ठेवा, झंझट नको. मला हे पटत नाही. टिक मारताना तरी घड्याळ कुठं जातं? आणि सॅटमधून निबंध गेला म्हणून मोकळं झालं कोण? तिकडं प्रवेशासाठी घरून लिहून पाठवायचा निबंध आहेच, तुमची ओळख सांगणारा. त्याला वेळ भरपूर, म्हणून श्रीमंत घरं तो पैसे मोजून तज्ज्ञांकडून घडवून घेतात. आणि आपल्या पोरांना सल्ला काय मिळतो, माहीत आहे? दुःख लिहा. गरिबी लिहा. बाप काय करायचा ते लिहा, पण शेवट आशेचा करा. म्हणजे चाळीस मिनिटांच्या निबंधात आई आली की गुण जातात, आणि घरून लिहायच्या निबंधात आई विकली की गुण येतात. दोन्हीकडं माल आपलाच. त्यात २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं. मागितला तो निबंध मिनिटात लिहून देणारं. आता म्हणतात, घरच्या निबंधावर विश्वास कसा ठेवायचा, समोर बसवून घड्याळ लावूनच लिहून घेतलं पाहिजे. चोरी कुणाचीही असो, पहारा आपल्या दारात.

मला निबंध हवा आहे. टिक मारून मुक्ताबाई कळली नसती. पण पळायची शर्यत लावून त्याला अकलेची परीक्षा म्हणू नका. वेग मोजायचा असेल तर तसं नाव द्या. शासनाचं टायपिंगचं सर्टिफिकेट असतंच की, मिनिटाला ३० शब्दांचं, त्यात कुणी म्हणत नाही की याच्यावरून माणसाची विचारशक्ती कळते. लिहायला अख्खी सकाळ द्या, सगळ्यांनाच द्या. ज्याचं आधी झालं त्यानं आधी उठावं. ज्याला हातानं लिहायचं त्याला कागद द्या. विचार मराठीत करून इंग्रजीत आणायला जो वेळ लागतो तो आळस नाही, ती जादा मेहनत आहे, हे मान्य करा. आणि तपासलेली उत्तरपत्रिका परत द्या, शेरे लिहून. ज्याचे पैसे घेतले त्याला त्याची चूक तरी दाखवा. यात न देण्यासारखं काय आहे? देत नाहीत कारण जेवढी पोरं पुन्हा बसतील तेवढी फी पुन्हा.

आपल्यातले जे पलीकडं पोचलेत त्यांच्याशीही थोडं भांडायचंय. सुट्टीत येतात, विहारात भाषण देतात, म्हणतात, मला जमलं, तुम्हाला का जमणार नाही? साहेब, तुम्हाला कसं जमलं ते सांगा ना. किती वेळा बसलात, फी कुणी भरली, साचा कुणी दिला. तुम्ही पास झाल्यावर त्याच परीक्षेची आरती कशाला करता? तुम्ही आज त्या विद्यापीठांत आहात, संघटनांत आहात. तिथं तोंड उघडा. इथं आम्हाला जिद्द शिकवू नका. जिद्द इथं पोत्यानं आहे.

आता शेवटची गोष्ट, आणि ती माझ्याच अंगावर येणारी आहे. ती टाळली तर वरचं सगळं भंपक ठरेल.

आमच्या वस्तीत विहाराच्या मागच्या खोलीत अभ्यासिका चालते. तिथं येणारी एक पोरगी, पदव्युत्तर झालेली, बोलण्यात तिखट. तिलाही बाहेर शिकायला जायचंय. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीच्या वर्षाला ७५ जागा, त्यात आपला नंबर लागावा म्हणून धडपडते. केंद्राची परदेशी शिष्यवृत्ती आहे, पण २०२२ साली तिच्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताचा सामाजिक अभ्यास हे विषय बाद केले. म्हंजे जातीवर बाहेर जाऊन अभ्यास करायचा तर सरकारी पैसा नाही. असो. तर ही पोरगी परीक्षेला बसली. विषय होता, जुन्या इमारती जपाव्यात की पाडून नव्या बांधाव्यात. तिनं सुरुवात केली आजीच्या घरापासून. नामांतराचा ठराव झाला आणि १९७८ च्या दंगलीत आजीचं घर जाळलं. आजीनं जळत्या घरातून दोन वस्तू बाहेर काढल्या, भाकरीचा तवा आणि पोराचं दप्तर. पोरगी दप्तरापर्यंत आली आणि वेळ संपला. गुण कमी पडले.

मग मी तिला शिकवायला बसलो. मीच. क्लासवाल्या सरांचा साचा काढला, घोटून घेतला. आजी नको, म्हटलं. तवा नको. पर्यटन लिही, अर्थव्यवस्था लिही, एकीकडे, दुसरीकडे. मोबाईलवर चाळीस मिनिटं लावून तिच्याकडून रोज एक निबंध लिहून घेतला. चुकून एखाद्या निबंधात वस्ती आली, मोर्चा आला, की मी खोडायचो. दोन महिन्यांनी ती पुन्हा बसली. फी वस्तीनं वर्गणी काढून भरली. पास झाली. चांगली पास झाली. तिनं पेढे वाटले आणि माझ्या पाया पडायला आली. मी पाय मागं घेतले. एक तर आपल्यात पाया पडायचं नसतं, आणि दुसरं, मला तिच्याकडं बघवेना.

ती म्हणाली, दादा, आता तरी आजीचं पूर्ण लिहू का?

लिहिलं तिनं. मराठीत. नऊ पानं झालीत, अजून १९९४ चा नामविस्तार यायचाय. मी वाचायला मागितलं तर देत नाही. म्हणते, तुम्ही खोडाल.

येत्या रविवारी संध्याकाळी सहाला, विहाराच्या मागच्या खोलीत, ती स्वतः वाचून दाखवणार आहे. आजीही येणार आहे. ती मधेच थांबवून दुरुस्त्या सांगते, त्यामुळं किती वेळ लागेल ते सांगता येत नाही. जेवून या.